अकरा दिवसांची रेघ

शालन रणपिसे यांच्या दुकानात शिरणाऱ्याला आधी पाट्या वाचाव्या लागत, मग झेरॉक्स मिळे. 'पाठपोट म्हणजे दोन प्रती. वाद घालू नये.' 'सुटे पैसे द्या, सल्ला नको.' आणि सगळ्यांत वर, लाल अक्षरांत: 'मूळ कागद विसरून जाऊ नये. गेल्यास सापडेल, पण बोलणी खावी लागतील.' कसबा पेठेत, फडके हौदाजवळच्या एका बोळातलं हे आठ बाय दहाचं दुकान. त्यात एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक जुना मराठी टाइपरायटर आणि या तिघांच्या मधे जेमतेम मावणाऱ्या शालनताई. पाट्यांमधला शब्द न शब्द त्या पाळत. विशेषतः बोलण्यांबद्दलचा.

कागदाचं वेड त्यांना वडिलांकडून आलं. वडील महापालिकेत शिपाई म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर दोनच वर्षांनी त्यांच्या वस्तीतून मॅट्रिक झालेला हा पहिला मुलगा. ते प्रमाणपत्र त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपलं होतं आणि तो डबा बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर असे. वर्षातून एकदा ते कागद काढून, पुसून, पुन्हा ठेवत. "आपल्या मागच्या पिढ्यांकडे सांगण्यासारखं खूप होतं गं," ते लेकीला म्हणत, "दाखवायला कागद नव्हता." लेकीने हे ऐकलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि पहिल्या प्रयत्नात पास झाली.

त्र्याण्णव साली त्यांनी जुनं झेरॉक्स मशीन घेतलं, तेव्हा नवरा बाबूराव पीएमटीत कंडक्टर होता. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. पण देशाचे दरवाजे उघडले म्हणून वर्तमानपत्रं जे काय लिहीत होती, त्याचा शालनताईंच्या काउंटरवरून दिसणारा अर्थ एवढाच होता, की जो तो दोन फोटो आणि तीन झेरॉक्स मागायला लागला होता. फोनला झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स, नव्या बँकेला झेरॉक्स. मग हिंजवडी उभी राहिली आणि अमेरिकेला निघालेली पोरं आईचा जन्मदाखला शोधत येऊ लागली. शालनताईंनी दहा वर्षांत तीन मशीनं बदलली. बाबूराव निवृत्त झाल्यावर हातात पिशवी घेऊन दुकानाचे रीम आणू लागला आणि डोकं फिरल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुकानाचा एक कडक नियम होता. मूळ कागद गिऱ्हाइकाच्या हातातून त्यांच्या हातात आणि त्यांच्या हातातून परत गिऱ्हाइकाच्या हातात. काउंटरवर ठेवलेला चालत नसे. चुकून राहिलाच तर तो वडिलांच्या त्याच, आता दुकानात आलेल्या पत्र्याच्या डब्यात जाई, आणि शालनताई फोन नंबर शोधून, पत्ता शोधून, माणसाला बोलावून घेत. एकदा एका प्राध्यापकांचा पासपोर्ट द्यायला त्या स्वतः बस बदलून औंधला गेल्या होत्या. तिथेही त्यांनी बोलणी ऐकवलीच.

पण खराब निघालेल्या प्रतीचं मात्र त्यांना काही वाटत नसे. फिकी आलेली, तिरकी आलेली, अर्धवट आलेली प्रत त्या मशीनच्या मागच्या खोक्यात टाकत. ते पाठकोऱ्या कागदांचं खोकं. एका बाजूने कोरा असलेला कागद पुण्यात कोणी टाकून देत नाही. दिला तर शेजारी नावं ठेवतात. दुपारच्या निवांत वेळी शालनताई त्या कागदांचे चार चार तुकडे करून, दोऱ्याने शिवून वह्या करत आणि आळीतल्या मुलांना कच्च्या गणितांसाठी फुकट देत. त्याचा त्यांना अभिमान होता. दुकानातून कागदाचा कपटा वाया जात नाही, असं त्या सांगत.

रावसाहेब त्यांचे जुने गिऱ्हाईक. गाव वाघोली. नगर रस्त्याला लागून त्यांचं अकरा एकर रान होतं, त्यातलं सहा एकर त्यांनी दोन हजार सातात बिल्डरला दिलं. तिथे आता बारा मजल्यांचे मनोरे आहेत आणि रावसाहेबांकडे कोटींत मोजावी लागेल अशी रक्कम आली. माणूस बदलला नाही. टोपी तीच, चप्पल तीच. चौथीपर्यंत शाळा झालेली, सही करायला पूर्ण एक मिनिट लागे, आणि ते मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसावं अशी त्यांची अपेक्षा असे. त्यांचा वकील अनिरुद्ध याचं ऑफिस शालनताईंच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं, म्हणून त्यांचं येणंजाणं. "ताई, पाचच्या पाच परती सवच्छ पाह्यजेत," ते सांगत, आणि मग समोरच्या स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा ऐकवत, "जल्मात कुणाचं एक रुपयाचं कर्ज नाय आपल्याला. बँकेचं नाय, सोसायटीचं नाय, सासऱ्याचं बी नाय."

याच वाक्यात त्यांचं संकट लपलेलं होतं. ते कोणालाच माहीत नव्हतं, शालनताईंनासुद्धा.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत रावसाहेबांची मुलगी उत्कर्षा हिने कर्जाचा अर्ज केला. ती डॉक्टर. वाघोलीत वीस खाटांचं बाळंतपणाचं रुग्णालय काढायचं तिच्या मनात होतं. जागा वडिलांची, इमारतीचे पैसेही वडिलांचे. यंत्रसामग्रीसाठी मात्र दोघांच्या नावावर बँकेचं कर्ज घ्यावं, असा हिशेबनीसाचा सल्ला. रावसाहेब आयुष्यात पहिल्यांदा कर्जाच्या कागदावर सही करायला तयार झाले, तेही लेकीसाठी. आणि बँकेने अर्ज परत पाठवला. कोणाचं किती कर्ज थकलंय याची नोंद ठेवणाऱ्या मुंबईच्या क्रेडिट ब्युरोच्या अहवालाप्रमाणे रावसाहेबांच्या नावावर दोन महागड्या मोटारींची कर्जं होती आणि आठ महिने एकही हप्ता भरलेला नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात वसुलीवाले वाघोलीत आले. घर विचारत विचारत थेट मारुतीच्या देवळासमोरच्या चौकात पोचले, आणि पारावर बसलेल्या पंचवीसतीस माणसांसमोर त्यांनी रावसाहेबांना विचारलं, "गाड्या कुठंयत काका?"

 त्यांचा पुतण्या सुदर्शन तिथेच उभा होता. वारलेल्या भावाचा हा मुलगा त्यांनीच वाढवलेला. खराडीत आयटी कंपनीत नोकरी करणारा आणि घरात इंग्रजी येणारा तो एकटाच, म्हणून रावसाहेबांचं पॅन कार्ड, पासबुकं, बँकेतली पत्रं सगळं तोच पाहायचा. रावसाहेबांनी त्याच्याकडे वळून, त्याच पंचवीसतीस माणसांसमोर, त्याला चोर म्हटलं. खाल्ल्या मिठाची आठवण काढली.  त्याच संध्याकाळी पोरगं बॅग भरून खराडीला मित्राच्या खोलीवर गेलं.

हे सगळं शालनताईंना कळलं ते मार्चमधल्या एका सकाळी, अनिरुद्ध वकील दोन कामं घेऊन खाली आला तेव्हा. मोटारींना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीकडून मोठ्या मिनतवारीने मिळवलेली कर्जाची फाइल होती, तिच्या चार प्रती हव्या होत्या. आणि पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करायची होती. तक्रारीत संशयित म्हणून एकच नाव होतं, सुदर्शनचं.

"पोराचं करिअर संपतंय, शालनताई," अनिरुद्ध म्हणाला. "कंपनीत पोलिस व्हेरिफिकेशन असतं. नाव एकदा आलं की संपलं. मी रावसाहेबांना सांगून पाहिलं. ते चार वाजता येणारेत सही करायला."

तो वर गेला. शालनताईंनी आधी झेरॉक्सला हात घातला. फाइलमधला पहिला कागद रावसाहेबांच्या पॅन कार्डाची प्रत. त्यावर कोणीतरी लफ्फेदार सही ठोकलेली. ती पाहून त्यांना हसूच आलं. असली सही करायला रावसाहेबांना पुढचा जन्म घ्यावा लागला असता. त्यांनी कागद काचेवर ठेवला. प्रत बाहेर आली. उजव्या कोपऱ्यात एक बारीक तिरकी रेघ आणि तिच्याखाली दोन ठिपके.

"आलं का परत दुखणं," त्या मशीनला म्हणाल्या. काच पुसली. पुन्हा प्रत काढली. पुन्हा रेघ, पुन्हा दोन ठिपके. मग त्यांनी एक कोरा कागद ठेवून पाहिला. कोरी करकरीत प्रत आली. मशीनमध्ये काही नव्हतं. रेघ फाइलमधल्या कागदावरच होती.

त्या तशाच स्टुलावर बसल्या. ही रेघ त्या ओळखत होत्या. आईला मुलाच्या गुडघ्यावरची खूण ओळखू यावी तशी ओळखत होत्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या मशीनच्या ड्रमला चरा पडला होता. मशीन दुरुस्त करणाऱ्या धोंडिबाने मुंबईहून नवा ड्रम मागवला, तो यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत निघालेल्या प्रत्येक प्रतीवर हीच रेघ आणि हेच दोन ठिपके. आणि त्याच आठवड्यात रावसाहेब आले होते, 'सवच्छ' प्रती मागत. शालनताईंनी तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही प्रती खोक्यात टाकल्या, आणि शेवटी स्वतःच्या पदराला खार लावून समोरच्या बोळातल्या दुकानातून चांगल्या प्रती काढून आणून त्यांना दिल्या. रेघेची एकही प्रत रावसाहेबांच्या हातात गेली नव्हती. सुदर्शनच्या हातात जायचा तर प्रश्नच नव्हता. पॅनच्या त्या तिन्ही प्रती आणि त्यांच्यासोबत खरेदीखताची, बिल्डरने दिलेला आकडा छापलेली पानं, सगळं त्यांच्या खोक्यात होतं.

आणि खोकं कोणी नेलं, तेही त्यांना त्याच क्षणी आठवलं.

चाळिशीचा, इस्त्रीचा खादी शर्ट घालणारा, गोड बोलणारा एक माणूस. निराधार मुलांच्या संस्थेत काम करतो म्हणाला. त्या सुमारास तो महिन्यातून एकदा येऊन पाठकोरे कागद घेऊन जायचा. "कापू नका हो ताई," पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "मोठ्या कागदावर मुलं मोकळेपणाने चित्रं काढतात." शालनताईंना ते इतकं पटलं, की त्यांनी वह्या शिवणं थांबवलं आणि त्याला चहाही पाजला. शहरातल्या निम्म्या माणसांकडे 'ओळखीचा पुरावा आणलाय का' म्हणून डोळे वटारणाऱ्या बाईने त्या एका माणसाकडे कधी एक चिठोरंही मागितलं नव्हतं.

मूळ कागद त्यांनी जिवापाड जपले होते. नकला फुकट वाटल्या होत्या. कागदात जे काय असतं ते नकलेतही तेवढंच असतं, हे रोज हजार नकला काढणाऱ्या बाईच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

एक वाजला. एक ते चार दुकान बंद. शालनताईंनी शटर ओढलं, पण त्या घरी गेल्या नाहीत. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बाबूरावला त्यांनी आतच बसवून सगळं सांगितलं.

बाबूरावने डबा उघडला, पुन्हा लावला. "तुला कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग? बोललीस तर उद्यापासून इथे कुत्रं फिरकणार नाही. वीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"आणि त्या पोराचं? त्याचं चोवीस वर्षांचं आहे."

"त्याला वकील आहे की बाजू मांडायला."

"त्याचा वकील कोण? तक्रार मीच टाइप करायचीय ना." शालनताईंनी टाइपरायटरकडे बोट दाखवलं. "माझ्या हाताने त्याचं नाव लिहू? मला माहीत असून?"

त्यांना भीती वाटत होती. हे उगाच लपवण्यात अर्थ नाही. दुकान गेलं तर दुसरं काही करता येईल असं वय उरलं नव्हतं, आणि लोक काय काय म्हणतील, कुठल्या कुठल्या शब्दांत म्हणतील, तेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो पत्र्याचा डबा होता. वडिलांच्या कागदावर कोणी दुसऱ्याने सही ठोकली असती आणि ते कोणाला तरी माहीत असून तो गप्प बसला असता, तर?  बाबूरावने डबा पुन्हा उघडला. "आधी जेव. मग जा," तो म्हणाला. "उपाशीपोटी तू फार तोडून बोलतेस."

चार वाजता शालनताई जिना चढून वर गेल्या. हातात फाइल, धोंडिबाचं तारखेचं बिल, आणि गेल्या एप्रिलमधली त्याच रेघेची आणखी एक प्रत; बाबूरावच्या पेन्शनच्या कागदांची, घरात राहिलेली. रावसाहेब आणि अनिरुद्ध समोरासमोर बसले होते. शालनताईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि न थांबता, न रडता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं.

"सुदर्शनने काही केलेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "कागद माझ्या दुकानातून गेला. मीच दिला. तक्रारीत ते लिहा. मी जबाब देते."

रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. "ताई, डोळं झाकून इस्वास टाकला तुमच्यावं. लोकांच्या नावाची रद्दी वाटत हुता?"

"हो. वाटत होते."

 माणूस नाकारतो, तेव्हा भांडता येतं. रावसाहेब टोपी उचलून निघून गेले. अनिरुद्धने जुना मसुदा फाडला आणि नवा घेतला. त्यात संशयिताच्या जागी 'अनोळखी इसम' आलं. तो शालनताईंनीच टाइप केला, एकही चूक न करता.

एवढ्यावर संपलं असतं तर शालनताईंनी स्वतःला माफ केलं असतं. पण चोरी सिद्ध होणं वेगळं आणि नाव स्वच्छ होणं वेगळं, हे पुढच्या महिन्यात कळलं. फायनान्स कंपनी म्हणाली, तपास चालू आहे, अहवालाबद्दल ब्युरोला विचारा. ब्युरो म्हणाला, कंपनीला विचारा. अनिरुद्धला इतर अशिलं होती. शालनताईंनी त्याला सांगितलं, "पत्रव्यवहार माझ्याकडे द्या. फी नको. मला राग आलाय, तो कुठेतरी लागला पाहिजे."

पहिला फोन त्यांनी दुकानातूनच लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. "मॅम, ॲक्च्युअली आम्ही स्वतःहून डेटा चेंज नाही करू शकत. मेंबर बँका जो डेटा पाठवतात, आम्ही तोच रिपोर्टमध्ये दाखवतो."

"म्हणजे समोरून येईल त्याची नक्कल काढून देता."

"हो मॅम, म्हणजे तसंच."

"मग सरळ सांगा ना, झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून," शालनताई म्हणाल्या. "मीही तोच धंदा करते. पण माझ्याकडून खराब प्रत गेली, तर मी गिऱ्हाइकाला मशीनशी बोलायला सांगत नाही."

 पलीकडच्या मुलीने आवाज खाली आणून सांगितलं, की तक्रारीचा एक ठरावीक नमुना असतो. तो भरला, पोलिसांच्या तक्रारीची प्रत आणि सह्यांचा नमुना जोडला, की ब्युरोला ते कंपनीकडे पाठवावंच लागतं आणि कंपनीला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. उत्तर नाही आलं तर वरती दाद मागता येते. शालनताईंनी सगळं लिहून घेतलं. फोन ठेवताना मुलीचे आभार मानले, ही त्यांच्याकडून मोठीच गोष्ट.

त्यांनी पाच महिन्यांत एकवीस पत्रं पाठवली. प्रत्येक पत्र रजिस्टर पोस्टाने, प्रत्येक पावती डब्यात. कंपनीच्या शिवाजीनगरच्या ऑफिसात त्या इतक्या वेळा जाऊन बसल्या, की तिथला शिपाई त्यांना न विचारता पाणी आणू लागला. रावसाहेबांच्या पंचवीस वर्षांतल्या खऱ्या सह्या त्यांनी एका कागदावर ओळीने लावून दिल्या. त्याखाली उत्कर्षाने इंग्रजीत एक ओळ लिहिली: ज्या माणसाला ही सही करायला एक मिनिट लागतं, त्याने फाइलमधल्या बावीस सह्या एका दिवसात केल्या असं आपलं म्हणणं आहे का? पोलिसांच्या तपासात आणखी तीन नावं निघाली. तिघंही पैसेवाले, तिघांच्याही फाइलीत तीच रेघ. त्यावरून खादीवाल्याची रीत कळली, आणि ती सोपी होती. खरेदीखतावरचा आकडा मोठा दिसला, की त्या माणसाचे कागद वेगळे काढायचे. त्यात रावसाहेबांसारखा, कधी कर्जच न घेतलेला भेटला तर दिवाळी. अशा माणसाचं नाव कोऱ्या पाटीसारखं असतं आणि ती पाटी तो स्वतः कधी तपासायला जात नाही.

दरम्यान दुकानाच्या दारावर एक नवी पाटी लागली होती. अनिरुद्धने हात जोडून विनवलं होतं, लावू नका म्हणून. ती अशी: 'एप्रिल २०११ च्या आसपास या दुकानातून काही ग्राहकांच्या कागदपत्रांच्या खराब प्रती चोराच्या हाती गेल्या. त्या काळात येथे प्रती काढलेल्यांनी आपला क्रेडिट अहवाल मागवून पाहावा. अर्ज येथे विनामूल्य भरून मिळेल. चूक दुकानाची आहे. शालन रणपिसे.'

धंदा निम्म्यावर आला. समोरच्या बोळातल्या दुकानदाराने मोठ्या मनाने दुसरं मशीन घेतलं. एक पेन्शनर आजोबा पाटी दोनदा वाचून आत आले आणि म्हणाले, "पुण्यातल्या दुकानदाराने चूक कबूल केली? ही पाटी जपून ठेवा, केळकर संग्रहालयवाले नेतील." पण त्यांनी अर्ज भरून घेतला. त्यांच्या मागून दुसरे आले. पाठकोऱ्या कागदांचं खोकं गेलं होतं; त्याच्या जागी शालनताईंनी कागद बारीक फाडायचं यंत्र आणलं होतं, आणि खराब प्रत निघाली की गिऱ्हाइकाच्या देखत ती त्यात घालत. त्याचा खर्रर्र आवाज लोकांना आवडू लागला. पाऊसकाळ सरेपर्यंत काउंटरवर पुन्हा रांग दिसू लागली.

सप्टेंबरअखेर ब्युरोचा नवा अहवाल आला. दोन्ही कर्जं काढून टाकलेली. उत्कर्षाचं कर्ज मंजूर झालं आणि ती स्वतः पेढे घेऊन दुकानात आली. रावसाहेब आले नाहीत. त्या मार्चमधल्या दिवसानंतर ते दुकानाची पायरी चढलेच नव्हते.

ते आले दिवाळीच्या आठवडाभर आधी, भर गर्दीच्या वेळी. स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. शालनताई हातातलं काम संपवून त्यांच्यासमोर आल्या.

"ताई, तुमी पाटी लावली तवा मला वाटलं, बाईला याड लागलं," रावसाहेब म्हणाले. "आता सांगाया आलोय. कागद सवच्छ झाला. दवाखान्याच्या मशिनी आल्या. पर पोरगं घरी येत नाय."

"माफी मागितली?"

"मागितली की. खराडीला गेलो, खोलीवं. म्हनलं, झालं गेलं इसरून जा, घर तुजंच हाय. त्यो निस्ता खाली बघत बसला. पानी दिलं, च्या दिला. येतो नाय म्हनला."

शालनताईंनी काउंटरवरचे कागद सरळ केले. "रावसाहेब, तुम्ही त्याला चोर कुठे म्हणालात? खोलीत?"

रावसाहेबांनी मान खाली घातली. 

"चौकात," ते म्हणाले. "समद्या गावाम्होरं."

  रावसाहेबांनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं, उलट्या बाजूने दिसणारी ती अक्षरं पाठ असल्यासारखं. मग म्हणाले, "लिवा."

त्यांनी सांगितलं, शालनताईंनी टाइप केलं. मजकूर चारच ओळींचा झाला. 'माझा पुतण्या सुदर्शन याच्यावर मी मारुतीच्या चौकात चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. चूक माझी आहे. त्याला घरी येण्याची मी सगळ्या गावासमोर विनंती करतो.'

"किती प्रती?"

"पन्नास. चौकात, चावडीत, सोसायटीत, दूधडेरीत. येक त्याच्या खोलीवं." मग त्यांनी हात वर केला. "थांबा. सही नका छापू. खाली जागा ठिवा."

"आधी एकावर करा. प्रतींवर आपोआप येईल."

"न्हाय ताई," रावसाहेब म्हणाले. "माज्या सहीच्या नकला लई झाल्या. ह्या समद्या हातानं करतो."

पन्नास प्रती निघाल्या. एकीवर शाई जरा फिकी आली होती. ती शालनताईंनी यंत्रात घातली आणि तिच्या जागी दुसरी काढली. रावसाहेबांनी पेन घेतलं, पहिला कागद जवळ ओढला आणि जीभ दातांत धरून आपलं नाव लिहायला सुरुवात केली. एक मिनिट लागलं. दुकानात कोणी बोललं नाही.

दारात एक मुलगा घाईघाईने आला आणि म्हणाला, "मावशी, अर्जंट आहे, एकच झेरॉक्स."

"पाऊण तास लागेल," शालनताई म्हणाल्या. "थांबायचं तर थांब." आणि त्यांनी सही झालेला कागद उचलून बाजूला ठेवला आणि दुसरा रावसाहेबांच्या पुढे सरकवला.